उजव्या बाहीची टीप

सन दोन हजार तेवीस. माझं वय शहात्तर. शिक्षण चौथी, तेही नापास... म्हणून ज्यांना शुद्धलेखन तपासायचं असेल त्यांनी आत्ताच पान उलटावं. भूत, पिशाच्च, करणी — मी जन्मात मानलं नाही. आमच्या वडनेर भोलजीत एका पडक्या विहिरीकडे लोक दिवसाही फिरकत नसत, मी तिथं खाट टाकून झोपलो आहे. ज्यांना "असे अनुभव" येतात ते एक तर भित्रे, नाही तर खोटारडे, हे मी तोंडावर सांगत आलो. आता मीच लिहून राह्यलो. हसा.

जागा नीट सांगतो. खामगावात सरकीच्या तेलाच्या एका घाण्यामागे माझं दुकान. दहा बाय आठ. एक शटर, एक कुलूप, किल्ली माझ्या करदोट्याला. मागे खिडकी नाही. मी तंबू, मंडप, ताडपत्री शिवतो. माझी टीप उसवली असं म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे.

हे काम मी करीम मास्टरकडे शिकलो. तो माणूस शिव्या देत नसे... त्याहून वाईट करायचा. टीप पसंत पडली नाही की तुम्ही जेवायला गेलात तेवढ्यात सगळी उसवायचा. धागा अख्खा निघायचा, कुठं तुटायचा नाही. ही करामत त्याच्याच बोटांत होती, मला आजही येत नाही. मग तो धागा एका चिंचोक्यावर गुंडाळून तुमच्या मशीनवर ठेवून द्यायचा. चिंचोका दिसला म्हणजे पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून म्हणजे उशीच्या खोळी! मी दोन वर्षं नुसत्या खोळी शिवल्या. एकविसाव्या वर्षी मंडपाची अख्खी झालर शिवून झाली, तर पाहतो काय — मशीनवर चिंचोका. मी तो उचलला, त्याच्या कपाळावर फेकून मारला, आणि निघालो. त्याच्या समोरच दुकान टाकलं. पुन्हा बोललो नाही. तो वारला तेव्हा मातीलाही गेलो नाही. तीस वर्षं होऊन गेली त्याला. पश्चात्ताप वगैरे काही नाही.

आता माझी नात रेणू. वय सत्तावीस, नोकरी दुबईत. तिथं ती विमानातून उड्या मारायला शिकली. गेल्या डिसेंबरात घरी आली ती नवीन सोंग घेऊन — हात आणि पाय यांच्या मधात कापड लावलेला सूट. विंगसूट म्हणतात. निव्वळ वटवाघूळ.

"छत्री उघडाच्या आधी दोन-अडीच मिनिटं उडता येते याच्यात, आबाजी."

"पडता येते म्हन."

"तुमाले काय समजते त्याच्यातलं?"

सूट कोण्या उंच गड्याचा, जुना. तिच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबत होता. पुढच्या महिन्यात तो घालून उडी मारायची होती, म्हणून बाह्या कमी करून हव्या होत्या. मी साफ नाही म्हणालो. तर म्हणते कशी, "तुमच्यानं जमत नसन तं राहू द्या. पुण्यात एक जण करून देते."

बस. नस पकडली पोरीनं. मी तिथंच टेप काढला.

माप घेताना ती दोनदा म्हणाली, "थोडं ढिलं ठेवा, आबाजी." मी म्हणालो, "ढिलं शिवते तो शिंपी नाही. अंगाबरोबर बसन." कापड रेशमापेक्षा घसरडं, तरी दोन्ही बाह्या सकाळी अकरापर्यंत कमी करून शिवल्या. दोन्ही टोकांना गाठी मारल्या. शटर लावून जेवायला गेलो.

दोन वाजता परतलो तर उजवी बाही मनगटापासून काखेपर्यंत उघडी. डावी जशीच्या तशी.

मला वाटलं, रेणूचंच काम. घरी जाऊन तिला फाडून खाल्लं.

"किल्ली कोणापाशी हाय?" ती उलट ओरडली. "तुमच्या कमरेले! मंग मी काऊन उसवीन? मलेच तं घालाचा हाय!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा शिवली. बारीक टीप, दुहेरी. शटर लावून, कुलूप दोनदा ओढून पाहून जेवायला गेलो. आलो, शटर वर केलं, तर मशीनचं चाक हळूहळू फिरत होतं. नुकताच कोणी पाय काढून घ्यावा तसं. बाही उघडी. आणि मशीनच्या पाटीवर चिंचोका. त्यावर माझा धागा, अख्खा.

मी घाबरलो नाही. मला संताप आला. रिकाम्या दुकानात ओरडलो, "मेला तरी पिच्छा सोडत नाहीस का बे? साठ वर्षं तंबू शिवले मी! कोणाले चिंचोका दाखवून राह्यला?" तेव्हा मानेमागं कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. मास्टर तसाच उभा राहायचा, न बोलता. शिकाऊ पोराचा टाका तिथंच वाकडा जायचा. मागं फक्त भिंत होती.

तिसऱ्यांदा शिवली. या वेळी जेवायला गेलोच नाही. रेणू डबा घेऊन आली तेव्हा मी सूट मांडीवर धरून बसलो होतो. चिंचोका पाहून तिनं विचारलं, तर मास्टरची सगळी गोष्ट सांगितली. कपाळावर फेकला होता, हेही. घरात कोणाला ते माहीत नव्हतं.

ती हसली. "मंग घालूनच पाहू ना. पाहू तुमचा मास्टर काय करते."

तिनं सूट चढवला, मापासाठी आणलेली छत्रीची पिशवी पाठीवर बांधली, चेन लावली. चोळीसारखा बसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"छत्री कशी उघडतं, दाखव."

छत्री ओढायची मूठ मागे असते, उजव्या कुल्ल्याशी. तिनं हात मागे नेला. पोचला नाही. पुन्हा नेला, दात खाऊन. एक वीत कमी. कापड ताणून उभं, आणि माझी टीप लोखंडासारखी घट्ट. माझीच टीप!

तिचं हसू गेलं.

"तुले उड्या शिकवते त्या मास्तरनं काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

ती खाली पाहत होती. "दोनशे उड्या झाल्यावर ये म्हणे. तोपर्यंत हवेत आडवं सरकाचं शिक. अन् पहिला सूट लहान पंखाचा, तोच देणार होता."

"झाल्या किती?"

"एकशे त्रेचाळीस... तो नाई म्हणाला म्हणून दुसऱ्यायसंग चालली. ते मोजत नाईत."

"कोणाचं डोकं हे?"

"तुमचंच. नात कोणाची हाय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात धागा हलला. मनगटाकडून... कोणीही हात न लावता... आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर, भर दुपारी, टाक्यामागून टाका निघत काखेपर्यंत गेला. धागा जमिनीवर पडला. रेणूचा हात सुटला आणि सरळ मुठीवर गेला. ती किंचाळलीही नाही. नुसती मूठ धरून उभी राहिली.

धागा मी उचलून पाहिला. दोन्ही टोकांच्या गाठी शाबूत. गाठ सुईनं पाडलेल्या भोकातून निघतच नाही, हे कोणत्याही शिंप्याला विचारा. माझा पोरगा म्हणतो, बाबा, नायलॉन घसरते. घसरत असेल. मग गाठी? चिंचोका कोणी आणला? मला उत्तर सापडलं नाही, आणि शहाण्यांनी मला पत्रं लिहून ते सांगू नये. मास्टरनं ते पोरीसाठी केलं की मला खाली दाखवायला, तेही मला ठाऊक नाही. त्याचा स्वभाव पाहता दुसरंच.

रात्री रेणू जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी दुकान उघडलं आणि डावी बाही स्वतः उसवली. धागा तीन ठिकाणी तुटला. तुकडे जोडले आणि त्याच चिंचोक्यावर, मास्टरनं गुंडाळलेल्या धाग्यावरून गुंडाळले. घरी गेलो. रेणू ओट्यावर चहा पीत होती. चिंचोका तिच्या बशीत ठेवला आणि कपाळ पुढे करून समोर उभा राहिलो. तिनं तो उचलला, मुठीत धरला, माझ्याकडे पाहिलं... फेकला नाही.