किचनला खिडकी हवी

फोटोग्राफर गरीब स्वभावाचा आहे, असं त्याच्या सासरी सगळे म्हणत. साफ चूक. तो गरीब नव्हता, डूख धरणारा होता. फक्त आवाज करत नसे. शाळेत ज्याने त्याची सायकल पाडली, त्याच्याशी तो चाळिशीतही तिरकंच बोले. आणि मागच्या सहलीपासून त्याच्या डोक्यात एकच माणूस घर करून बसला होता: थोरला साडू.

साडू म्हणजे बायकोच्या ताईचा नवरा. टाइल्सचं दुकान, मोठं पोट आणि त्याहून मोठा आवाज. सुट्टीत दोन्ही घरं मिळून कुठेतरी जात, आणि राहायची जागा साडू निवडे. हॉटेल नाही हं! "हॉटेलचं खाऊन पोटं बिघडतात. घर घ्यायचं, किचनवालं. आपलं आपण रांधायचं, आपलं आपण खायचं." त्यातलं खाणं सगळ्यांचं आणि रांधणं फोटोग्राफरच्या बायकोचं, कारण घराबाहेर पडलं की ताईची कंबर हटकून धरे.

मागच्या वेळी खोल्याही साडूनेच वाटल्या. फोटोग्राफरच्या वाट्याला आली किचन आणि बाथरूमच्या मधली बोळकांडी, गादी टाकून. सकाळी साडू टॉवेल गुंडाळून आला, त्याच्या पायांना अडखळला आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असा ओरडला, "अहो फोटोवाले, पाय आवरा! लग्नात कसे स्टेजच्या कडेला उभे राहता, तसे कडेला व्हा की!" पोरं खिदळली. ताई खिदळली. त्याची स्वतःची बायको चहाचं पातेलं धरून उभी होती, तिलाही हसू आलं. ते हसू त्याला सगळ्यात जास्त झोंबलं. बायको उजाडायच्या आधीपासून ओट्याशी होती आणि कोंडलेल्या धुराने तिचे डोळे लाल झाले होते, हे काही त्याच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिले ते स्वतःचे पाय.

"ह्याची एकदा जिरवायची," दाढी करताना तो आरशाला सांगे. अशी जिरवायची, की त्याला तोंड दाखवायला जागा उरता कामा नये.

आता त्याच्या कामाचं सांगायला हवं. लग्नांची कामं कमी झाली तसा तो सुट्टीच्या घरांचे फोटो काढायला लागला होता. घरमालक बोलावत, हा बॅग घेऊन जाई. बॅगेत काय नसे? खोली मोठी दाखवणारं रुंद भिंग, पांढरीशुभ्र चादर, कचकड्याची लिंबं, ओलीच्या डागावर टांगायला एक गवती टोपी. कोपऱ्यात पाठ घुसवून, गुडघ्यांवर बसून तो असा फोटो काढे की कोंबड्यांच्या खुराड्यातही वरात नाचवता येईल असं वाटावं. "मी खोटं बोलत नाही," असं तो मोठ्या तोऱ्यात सांगे. जे दाखवायचं नाही त्याच्याकडे तो फक्त पाठ करून उभा राही.

यंदाची सुट्टी ठरली तेव्हा साडू त्यांच्याकडे आला, सोफ्यावर पसरला आणि मोबाइलवर एकेक घर दाखवायला लागला.

"भावोजी, घर कुठलंही घ्या," बायको म्हणाली, "पण किचनला खिडकी हवी. मागच्या वेळी माझा जीव गुदमरला हो."

"मिळेल, मिळेल," साडू मान वर न करता म्हणाला.

आणि तेवढ्यात ते घर आलं. फोटोग्राफरने हातातला कप खाली ठेवला. अहो, ते फोटो त्यानेच काढलेले होते! तळ्याकाठचा पांढरा बंगला. तळं दिसायचं ते पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. पोहायच्या हौदात घोट्याएवढं पाणी. मागच्या भिंतीला लागून कोंबड्यांची शेड; वारा फिरला की नाक धरून बसायचं. गॅसची एकच बाजू पेटायची. आणि किचन म्हणजे एक दार सोडलं तर नुसत्या कोऱ्या भिंती. त्यातल्या एकीवर त्याने दांडी ठोकून पिवळा पडदा सोडला होता, मागे दिव्यांची पट्टी लपवली होती, आणि फोटोत ओट्यावर असं कोवळं ऊन पडलं होतं की वाटावं, पलीकडे बागच आहे. मालक इतका खूश झाला की त्याने तो पडदा ठेवूनच घेतला.

फोटोग्राफरला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. पण गडी पक्का. तोंड वाकडं करून म्हणाला, "हे नको. हे फार वरच्या लोकांचं दिसतंय. आपण आपलं साधं काहीतरी बघू."

झालं! साडूच्या शेपटीवर पाय पडला. "वरचे लोक म्हणजे काय हो, फोटोवाले? मग आम्ही काय खालचे? हेच घ्यायचं!"

बायको साडूच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "अगंबाई, खिडकी आहे!" ती म्हणाली. "आणि ऊन बघा ना केवढं येतंय." तिने मोबाइल घेऊन नवऱ्यापुढे धरला. तिचा चेहरा असा खुलला होता की त्याची जीभ वळवळली. एक शब्द पुरला असता. पण त्या एका शब्दाने साडूही सुटला असता. छे!

"हो, छान आहे," तो म्हणाला.

मग निघेपर्यंत ती शेजारणीला सांगत होती, की ह्या खेपेला आपण खिडकीशी बसून निवांत चहा पिणार म्हणून. तो पेपर वाचत ऐकून घेई.

पोचल्यावर जे झालं ते फोटोग्राफरने मनात कितीदा तरी बघून ठेवलं होतं, तरी प्रत्यक्षात जास्त गोड लागलं. साडू गाडीतून उतरला तोच नाकाला रुमाल लावून. पोरं पोहायचे कपडे घालून धावली आणि हौदात उभं राहून त्यांनी भोकाड पसरलं. ताई कंबर विसरून कडाडली, "दुकानात टाइल चार वेळा उलटून बघता ना? मग इथे डोळे कुठे गेले होते?" साडूचा आवाज जन्मात पहिल्यांदा खाली आला. "फोटोत तर केवढं होतं," एवढंच तो पुटपुटत राहिला.

"मी म्हटलंच होतं, साधं बघू," बॅगा उतरवता उतरवता फोटोग्राफर म्हणाला. त्याच्या काळजाला असा गारवा वाटला, असा गारवा वाटला, की विचारू नका. सगळं उट्टं निघालं होतं. हे बायकोने बघायला हवं, असं वाटून त्याने वळून पाहिलं, तर बायको तिथे नव्हती.

ती किचनमध्ये होती, पिशवी अजून खांद्यालाच. तिने पडदा बाजूला सारला होता आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. फोटोग्राफर दारातच थबकला. तिने पडद्याचं खालचं टोक हातात घेऊन उलटं केलं. शिवण अर्ध्यापर्यंत पिवळ्या दोऱ्याची, पुढे हिरव्या. पिवळं रीळ संपलं म्हणून तिनेच हिरवं लावलं होतं, आपल्या घरी, आपल्या मशीनवर. हा पडदा इस्त्रीवाल्याने हरवला, असं नवऱ्याने तिला सांगितलं होतं, आणि त्या बिचाऱ्या इस्त्रीवाल्याशी ती भांडूनही आली होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं.

"अगं, ह्या साडूची जिरवायची होती. तुझ्यासाठी नव्हतं ते."

"मी तुम्हाला फोटो दाखवला होता. ह्या हाताने. खिडकी आहे म्हणून."

बाहेरून साडूची हाक आली, चहाचं काय झालं म्हणून. मेल्याला एवढ्यातही चहा सुचत होता. तिने पिशवी उतरवली, नवऱ्याच्या हातात कोंबली आणि बाहेर निघाली. तो मागोमाग. आता ही सगळं सांगणार, मग साडू मरेपर्यंत सोडणार नाही, ह्या विचाराने त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"भावोजी," ती म्हणाली, "ह्या वेळी सगळा स्वयंपाक हे करणार. सकाळच्या चहापासून. ह्या किचनची माहिती त्यांना माझ्यापेक्षा जास्त आहे."

साडूचा पडलेला चेहरा एकदम उजळला. "हे? अहो फोटोवाले, तुम्हाला कुठून माहिती?"

"सांगू का कुठून?" तिने विचारलं. साडूला नव्हे, नवऱ्याला.

"करतो, करतो, मी करतो," फोटोग्राफर घाईघाईने म्हणाला.

आणि केलं हो त्याने. गॅसच्या एका बाजूवर चहा उतरवल्याशिवाय भात चढत नव्हता, आणि भात उतरेपर्यंत परत कुणाला तरी चहा हवा होता. धूर जायला वाट नाही. डोळ्यांना धारा, शर्ट पाठीला चिकटलेला. पडदाही राहिला नव्हता. तो तिने काढला, नीट घडी केली आणि आपल्या बॅगेत ठेवला. समोर नुसती भिंत. साडूचा आवाज पुन्हा जाग्यावर आला होता. "फोटोवाले, मीठ विसरलात! फोटोवाले, अंडी करपली की!" ताई म्हणायची, आमच्या बहिणीने नशीब काढलं.

शेवटच्या सकाळी तो सगळ्यांचा चहा ट्रेमध्ये घेऊन बाहेर यायला निघाला. अंगणाच्या दारात बायको खुर्ची टाकून बसली होती, पाय समोरच्या स्टुलावर, तोंड उन्हाकडे, डोळे मिटलेले. वाट अडली होती.

"अगं, जरा पाय आवर ना," तो म्हणाला. "हातात गरम आहे."

अंगणातून साडू ओरडला, "फोटोवाले, चहा आज मिळणार आहे का?"

तिने डोळे उघडले नाहीत.

"कडेने जा," ती म्हणाली.

ह्या दाराचा फोटोही त्यानेच काढला होता, आणि त्यात ते चांगलं ऐसपैस दिसत होतं. त्याने पोट आत घेतलं, ट्रे डोक्याच्या वर धरला आणि चौकटीला पाठ घासत तो कडेने गेला.