रणगाडावाल्याचा बिल्ला

बिल्ला हातात आला की आधी त्याची पाठ बघायची, हे मी गेली वीस वर्षं लोकांना शिकवत आलोय. फौजी टोपीवरचा खरा बिल्ला पत्र्यातून ठोकलेला असतो. पुढे जे उंच, ते मागे खोलगट. बाजारातली नक्कल ओतीव, तिची पाठ सपाट आणि खरबरीत. बघायला पाच सेकंद लागतात. देवासच्या कारखान्यात मी दिवसभर क्वालिटीचंच काम करतो, गिअरचे दात तपासून तपासून डोळ्यांना चष्मा लागला. आणि एवढा शहाणा मी, ज्या दिवशी पाठ बघायची त्याच दिवशी बघितली नाही. का, तर देणारा आपला दोस्त होता म्हणून. घ्या!

बिल्ला माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या गेटवर सिक्युरिटीला एक फौजी काका होते, टोंकखुर्दचे. रणगाडा चालवून रिटायर झालेले. पहिल्याच भेटीत मी मोबाइलवर एक फोटो दाखवून त्यांच्यापुढे शायनिंग मारायला गेलो, म्हटलं, "काका, हा टी-७२." त्यांनी चष्मा वर केला आणि मालवीत म्हणाले, "पेलां पइया तो गिणी लो, भिया." मोजली. चाकं पाच, त्यातही पहिल्या आणि दुसऱ्यात जास्त अंतर. म्हणजे टी-५५. टी-७२ ला सहा असतात. पुस्तकं वाचून वाचून मी पंडित झालेलो, आणि डब्याच्या सुट्टीत एका माणसानं दोन मिनिटांत माझी मस्ती उतरवली. त्या दिवसापासून माझा डबा गेटवरच उघडायचा.

गेल्या वर्षी काका गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि संपलं. मी टोंकखुर्दला गेलो तेव्हा काकींनी साडीच्या घडीतून त्यांचा बिल्ला काढला. दोन आडव्या-तिडव्या भाल्यांचा, झिजून मऊ झालेला. डाव्या भाल्याचं टोक किंचित वाकलेलं, रणगाड्याचं झाकण त्यावर पडलं होतं म्हणे. एवढीच त्या माणसाच्या नोकरीची निशाणी घरात उरली होती. काकींचं मागणं साधं होतं: याला काचेची चांगली फ्रेम करून आणा, पितृपक्षात त्यांच्या तिथीला फोटोपुढे ठेवायचीय. मी म्हटलं, काकी, हे काम माझं. शब्द दिला.

आणि मग मी शेण खाल्लं.

धारला माझा एक दोस्त होता. होता, म्हणतोय. जुन्या संस्थानी कारकुनांच्या घरातला, बोलणं असं की ऐकत राहावं. त्याचं वेड जहाजांचं. कार्डशीट कापून अशा विनाशिका करायचा की रडारची जाळीसुद्धा खरी वाटावी. बारा वर्षांची दोस्ती. नवी युद्धनौका पाण्यात उतरली की पहाटे त्याचा फोन, "अरे ऊठ, मागचा हेलिकॉप्टरचा डेक बघ!" माझ्या बायकोला तो फोन म्हणजे सवत वाटायची.

गेल्या भाद्रपदात त्यानं घरच्या गणपतीला नौदलाची गोदी उभारायचं ठरवलं. निळ्या कापडाचा समुद्र, त्यात त्याची सात जहाजं, आणि बाजूला काचेच्या पेटीत फौजी बिल्ल्यांचं प्रदर्शन. "बिल्ले तुझे. खाली तुझ्या नावाची चिठ्ठी लावतो, यार. सगळं धार बघायला येईल." नावाची चिठ्ठी! एवढ्यावर माणूस विकला जातो. माझे तीस बिल्ले दिले, आणि शेखी मिरवायला काकांचाही दिला. वर बजावलं, "हा अमानत आहे, जपून." तो म्हणाला, "वेड्या, हे मला सांगतोस?"

विसर्जनानंतर त्यानं बिल्ले परत आणून दिले. काकांचा बिल्ला बघितला तर चकचकीत, आणि भाल्याचं टोक सरळ. त्यानं लगेच कान पकडले. "काय सांगू, गौरी बसायच्या आधी हिनं घरातलं सगळं पितळ चिंचेनं घासलं, त्यात हाही घासला. टोक वाकलेलं दिसलं म्हणून बिचारीनं दाबून नीट केलं."

आता तुम्हीच सांगा, यावर कोण संशय घेईल? आमच्या घरांत गौरीच्या आदल्या दिवशी घंटा, समई, निरांजन, हाताला लागेल ते चिंचेत पडतं. माझ्या आईनं एकदा माझं शाळेतलं पदकही घासून गुळगुळीत केलं होतं. मी खूप चिडलो, पण चिडलो कुणावर? वहिनींवर. दोस्ताला वर मीच म्हटलं, "जाऊ दे, त्यांना काही बोलू नकोस." हसावं की रडावं!

फ्रेमवाल्याकडे बिल्ला मखमलीवर बसवताना त्यानं तो उलटा केला आणि विचारलं, "साहब, इसको तार से बाँधूँ कहाँ? पीछे तो सपाट है." सपाट. मी हातात घेतला. ओतीव, खरबरीत, नवा कोरा. तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि इंदूरला बस बदलून धार गाठलं. दार वहिनींनी उघडलं. दोस्त अंघोळीला गेला होता. त्या चहा देत असताना मी हसत हसतच म्हटलं, "वहिनी, चिंचेनं बिल्ले छान निघाले." त्या गोंधळल्या. "कसले बिल्ले, भावजी? मला तर ह्यांनी त्या पेटीला हातसुद्धा लावू दिला नाही. किल्ली यांच्याच खिशात."

तो बाहेर आला, माझं तोंड बघितलं आणि समजला. आधी म्हणाला, पाहुण्यांपैकी कुणी तरी बदलला असेल. मी म्हटलं, "किल्ली तुझ्या खिशात होती." मग आवाज चढवला, माझ्या घरात येऊन मलाच चोर म्हणतोस? चोराच्या उलट्या बोंबा! शेवटी वहिनी आत गेल्यावर तो हळू आवाजात बोलला, आणि ते बोलणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. "त्या बाईला काय फरक पडतो? तिला पितळ तेवढं पितळ. तिच्यामागे तो बिल्ला भंगारात जाईल. माझ्याकडे निदान नीट राहील."

म्हणजे मी त्याला काकांची जी जी गोष्ट सांगितली, ती ऐकताना हा मनातल्या मनात आपल्या कपाटात त्या बिल्ल्याला जागा करत होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी ओरडलो, शिव्या दिल्या, त्याच्या कुलूपबंद कपाटाची किल्ली मागितली. त्यानं दिली नाही. "तू लिहून काय घेतलंयस?" म्हणाला. बारा वर्षांत आम्ही एकमेकांकडून कधी काही लिहून घेतलं होतं का? शेजारी दारात येऊन उभे राहिले. मी जिना उतरलो आणि बसस्टँडवर बसून चक्क रडलो. पन्नाशीचा माणूस, बिल्ल्यासाठी.

तिथीच्या दिवशी टोंकखुर्दला गेलो. फ्रेम पिशवीत होती, खोट्या बिल्ल्याची. रस्ताभर एकच विचार, काही बोलायचं नाही, ठेवून यायचं, कुणाला कळतंय? पण काकींनी फ्रेम हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि अंगठा नेमका काचेवर त्या डाव्या टोकावर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलवेना. धारचा दोस्त, गणपती, चिंच, कुलूप, सगळं सांगून टाकलं. मधे मधे हात जोडले. त्या ऐकत होत्या. मी थांबल्यावर एवढंच म्हणाल्या, "जीमी लो."

अंगणात बसलेल्या चार माणसांच्या पंगतीत मी बसलो. त्यांनी खीर वाढली, पुरी वाढली, पुन्हा आग्रहही केला. श्राद्धाच्या घरातून उपाशी उठता येत नाही म्हणून मी गिळत राहिलो. वाटलं, ऐकून घेतलं, समजून घेतलं बाईनं.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. फ्रेम फोटोपुढे ठेवलीच नव्हती, पदराखालून काढून माझ्या पिशवीत घातली. आवाजात राग नव्हता.

"यो भी थें ई राखी लो," म्हणजे हाही तुम्हीच ठेवा. "थाने वो चइये थो तो मांगी लेता, बेटा. हूं दई देती."