भांगाच्या दिवशीची पाहणी

डॉक्टरेट मिळवलेल्या सुलूताईंना भाईंदरच्या कोळीवाड्यात कुणी डॉक्टर म्हणत नाही. तिथे त्या चिखलवाली सुलू. खाडीच्या चिखलातल्या जिवांवर संशोधन करणारी वाड्यातली ती पहिलीच, आणि वर्तमानपत्रात तीस वर्षं तिने त्या जिवांविषयी असं रसाळ लिहिलं की शांती नगरच्या इमारतींतली माणसं रविवारी पोरांना घेऊन खाडीकाठची तिवरांची झाडं बघायला येऊ लागली.

त्याच चिखलावर भराव टाकून गोदामं उभी राहणार होती. गोदामं बांधणाऱ्या कंपनीच्या पाहणी अहवालात लिहिलं होतं, ‘चिखल निर्जीव.’ सुलूताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. भरावाच्या परवानगीची सरकारी सुनावणी आठ दिवसांवर होती. अहवाल घेऊन त्या तडक जिजाआत्याकडे गेल्या. सत्तरी ओलांडलेली ही आत्या अजून त्या चिखलात खुबे, शिंपल्यांतले जीव, वेचते.

“पाहनी कवा केली?”

“बारा तारखेला.”

“तारीख नको, तिथी सांग.”

सुलूताईंनी कॅलेंडर पाहिलं. अष्टमी! आत्या पोट धरधरून हसली. “अगो, त्या दिशी भांग हाय! पानी धड हटत न्हाय. उधानाला या म्हनावं.”

सुलूताईंनी कपाळावर हात मारला. आयुष्यभर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणातल्या मोठ्या ओहोटीलाच चिखलात उतरलेल्या बाईला ही साधी गोष्ट सुचू नये!

सुनावणीत त्यांनी तेवढंच सांगितलं. भांगाला ओहोटी जेमतेम लागते, मग जीव दिसणार कुठून? कंपनीचा सल्लागार छद्मी हसला, “मॅडम, विज्ञान काय पंचांगावर चालतं?”

“समुद्र चालतो,” सुलूताई म्हणाल्या.

सुनावणी घेणारे अधिकारी रत्नागिरीचे, समुद्र बघत वाढलेले. त्यांनी पुन्हा पाहणी लावली, पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला.

त्या सकाळी पाणी लांबवर हटलं आणि चिखल नुसता वळवळू लागला. निवट्या, त्या चिखलातल्या मासळ्या, उड्या मारत होत्या, खेकडे नांग्या उगारत होते. आत्या गावची नावं सांगे, सुलूताई शास्त्रीय. लिहिणाऱ्या कारकुनाला मान वर करायला फुरसत नव्हती. सल्लागारसाहेबांचा एक बूट चिखलाने गिळला, तो काही परत दिला नाही.

दोन महिन्यांनी निकाल आला. भराव रद्द! वाड्यात एकच जल्लोष झाला. सुलूताईंनी निकाल मोठ्याने वाचला. त्रेसष्ट जीव, गावच्या नावांसकट. शेवटी ओळ होती, ‘स्थानिक तज्ज्ञ : श्रीमती जिजाबाई.’

“तज्ञ म्हंजी काय गो?” आत्याने विचारलं.

सुलूताईंनी निकाल तिच्या हातात ठेवला. “म्हणजे जिच्याकडे मी शिकले ती.”