ध्रुवावरच्या दगडाला शेंदूर

काळाचौकीचा गंगाधर तोडणकर पोटापाण्यासाठी दगड घासायचा. कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात तो हमाल म्हणून लागला होता. हात बरा म्हणून कोठारेसरांनी त्याला दगडाचे काप काढायला बसवलं. काचेवर ओली पूड टाकून काप इतका पातळ घासायचा की उजेड आरपार जावा. चाळीत तो 'कॉलेजात आहे' एवढंच सांगे, लोक त्याला मास्तर समजत आणि तोही त्यांना समजू देई.

छप्पन सालच्या जानेवारीत सरांकडे परदेशातून एक दगड आला. दक्षिण ध्रुवाकडच्या, बर्फातून डोकं वर काढलेल्या डोंगरांचा खडक. सर म्हणाले, "यातल्या बारीक कणांत युरेनियम असतं. सावकाश त्याचं शिसं होतं. शिसं जितकं जास्त, तितका दगड म्हातारा." इथे दोन काप काढून उरलेला दगड वय मोजायला परत पाठवायचा होता. तेवढ्यात मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार अशी बातमी आली, शहर पेटलं आणि कॉलेज बंद झालं. काम अडू नये म्हणून गंगाधर दगड घरी घेऊन आला.

दुसऱ्याच दिवशी रॉकेल आणायला गेला आणि लालबागला गोळीबारात सापडला. बाजूला उभा असलेला एक जण तिथेच कोसळला. गंगाधर फुटपाथला पालथा चिकटून राहिला. इकडे गोळीबाराचं कानावर येताच त्याच्या बायकोनं, सुभद्रानं, घरातल्या एकूण एक देवाला साकडं घातलं आणि शेवटी त्या दगडापुढेही पदर पसरला. दिवेलागणीला नवरा धडधाकट दारात उभा! तो अंघोळ करून येतो तोवर बाईनं दगडाला तेलात कालवलेला शेंदूर फासून देव्हाऱ्यात बसवलासुद्धा.

"अगं, काय केलंस हे! शेंदूर म्हणजे शिसंच की!"

"मग?"

"दगडाचं वय खोटं लागेल. नोकरी जाईल माझी."

त्यानं फडकं उचललं. तिनं हात धरला.

"ज्यानं तुम्हाला परत आणलं, त्याचं अंग खरवडणार तुम्ही?"

ती रडू लागली. गंगाधर काही देवभोळा नव्हता, पण कोसळलेला तो माणूस आठवला आणि त्याचा हात चालेना. बायकोचा राग आला होता, आणि तिच्याबद्दल पोटातून मायाही दाटून आली होती.

गपचूप पुसून दिला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण फटीत बसलेला शेंदूर निघत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मग तिकडचे लोक भलतंच वय छापणार आणि जग ते खरं मानणार, हे त्याला नोकरी जाण्याहूनही वाईट वाटलं. कॉलेज उघडताच त्यानं शेंदरासकट दगड सरांच्या टेबलावर ठेवला.

"बावळट!" सर कडाडले. मग बराच वेळ दगड फिरवून बघत राहिले. "आतला गाभा कोरा असेल. सगळ्या बाजूंनी कापून टाक. लाल ठिपका दिसता कामा नये."

गंगाधरनं कापला. गाभा परदेशी गेला, शेंदराच्या ढलप्या रुमालात बांधून घरी आल्या.

पुढच्या वर्षी वय कळलं: शंभर कोटी वर्षांच्या वर. गंगाधर घरी येऊन ऐटीत सांगू लागला, "तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं, जनावर नव्हतं. आणि त्या डोंगरात माणूस कधी राहिलेलाच नाही."

सुभद्राचा तांदूळ निवडणारा हात थांबला.

"म्हणजे एवढ्या वर्षांत त्याच्यापाशी कुणी काही मागितलंच नसेल हो," ती म्हणाली. "पहिलं मागणं माझंच."