बुडालेल्या शेतांचा वाटाड्या

धरणावर मी दर रविवारी कयाक चालवते. तिथे लाइफ जॅकेट देणारा माणूस वाट सांगतो ती पाण्याची नव्हे, खाली बुडालेल्या शेतांची. "ताई, मळ्यातून नका जाऊ. बांधाबांधानं जा." बांध अर्थातच दिसत नाही. एकदा मी हसून सरळ मधून गेले आणि कयाक कशावर तरी अडकली. ढकलून सोडवावी म्हणून मी एक पाय बाहेर काढला, तोवर तो पोहत आला आणि माझ्याशेजारी चक्क उभा राहिला. पाणी त्याच्या पोटरीपर्यंतच होतं.

"उतरू नका. मी इहिरीच्या कठड्यावर हाय. तुमच्या बाजूला चाळीस हात खोल हाय."

मी पाय मुकाट्याने आत घेतला.

"इहीर आमचीच हाय," कयाक ढकलत तो म्हणाला. "लय गोड पाणी लागलं होतं."