पावांचं गाव

हॅमिल्टनच्या रविवारच्या बाजारात पाव विकणारा तो म्हातारा फ्रेंच आहे. 'किया ओरा' असा इथला नमस्कार करतो आणि लगेच आपल्या नदीकाठच्या गावात शिरतो. गाव तो टेबलावरच मांडतो. लांब पाव म्हणजे नदी, वाकडा क्रोसाँ म्हणजे दगडी पूल, उभा केलेला ब्रेड म्हणजे चर्च. चर्चच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेघा कोरल्यात म्हणे. सगळ्यात वरची दाखवताना त्याचा हात डोक्याच्याही वर जातो. मागे रांग चुळबुळते, पण पूल ओलांडल्याशिवाय तो कुणाला पाव देत नाही.

यंदा आई पुण्याहून आली होती, तिला घेऊन गेले. पानशेतच्या पुरात तिचं लहानपणीचं घर गेलेलं. सगळं बघून ती म्हणाली, "याचं घर कुठंय, विचार की."

इतक्या वर्षांत मला हे सुचलंच नव्हतं. मी विचारलं. त्याने एक छोटा बन उचलून नदीला अगदी खेटून ठेवला, जरा वेळ पाहिला आणि परत टोपलीत टाकला. हात मात्र सवयीनं डोक्याच्या वर गेला.

"आमच्याकडं माळ्यापर्यंत होतं पाणी, सांग त्याला," आई म्हणाली.

मी सांगितलं. त्याने नदीचा पाव उचलून आईच्या पिशवीत घातला.

तेव्हापासून तो मला गाव दाखवत नाही. 'किया ओरा' म्हणतो, पाव पिशवीत घालून देतो. मी बाजूला झाले, की मागच्या माणसासाठी नदी पुन्हा मांडतो.