कात्रीची दाद

माझ्या लेकीनं काल युनियनच्या सभेत पहिलं भाषण केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आईनं मात्र पिशवीतून विडीची कात्री काढून लोखंडी खुर्चीवर टकटक वाजवली.

ही रीत क्यूबाची. सिगार वळता वळता कामगारांच्या पुढारी आणि मग खासदार झालेल्या तिथल्या एक बाई पूर्वी आमच्या सोलापुरात आल्या होत्या. विडी कामगारांसमोर आईचं भाषण संपलं, तेव्हा त्यांनी शेजारणीची कात्री घेऊन पत्र्यावर अशीच वाजवली. त्यांच्या कारखान्यात दाद कामाच्या हत्यारानंच देतात, असं दुभाष्यानं सांगितलं. केवढ्या समुद्रापलीकडचं ते आयुष्य, आणि राहिलं येऊन आमच्या आईच्या पिशवीत!

लेक खाली येऊन म्हणाली, "आजी, तू टाळ्या का नाही वाजवल्यास?"

"टाळ्या पावण्यांना असत्यात गं," आई म्हणाली. "तू आमच्यातली."